लग्नाच्या छायाचित्रणात पाऊल टाकताना

लग्नाची छायाचित्रे काढण्याचे पहिले काम बहुतेकांकडे ओळखीतून चालून येते. ‘तुझ्याकडे चांगला कॅमेरा आहे, तूच काढ की’ असे कुणीतरी म्हणते, आपणही हुरळून होकार देतो, आणि प्रत्यक्ष लग्नाच्या दिवशी, अंधाऱ्या सभागृहात आणि आपल्यासाठी क्षणभरही न थांबणाऱ्या गर्दीत उभे राहिल्यावर कळते की निसर्गचित्रांचा सराव इथे फारसा कामी येत नाही. डोंगर उद्याही जागेवरच असतो. वधूला पाहून वडिलांच्या डोळ्यांत आलेले पाणी उद्या नसते. म्हणून या व्यवसायातील बरेचसे कौशल्य चूक होऊ शकेल अशा जागा आधीच हेरून त्या बुजवण्यात असते. पुढील पायऱ्या त्याच दृष्टीने लिहिल्या आहेत.

पहिली पायरी: दुसऱ्याच्या हाताखाली

सुरुवातीला स्वतःच्या नावावर काम घेऊच नये. अनुभवी छायाचित्रकाराच्या हाताखाली निदान आठ-दहा लग्ने करावीत. आरंभी पिशव्या उचलणे, बॅटऱ्या चार्ज करणे आणि फ्लॅशचा स्टँड धरून उभे राहणे एवढेच वाट्याला येईल, पण त्यात तोटा नाही, कारण हातात कॅमेरा नसला की डोळे मोकळे राहतात. मुख्य छायाचित्रकार प्रसंग घडण्याच्या किती आधी जागेवर जाऊन उभा राहतो, घरातील कोणाशी सर्वांत आधी ओळख करून घेतो, पुढे सरकलेली गर्दी आवाज न चढवता मागे कशी घेतो, याकडे लक्ष द्यावे. कॅमेऱ्यातील आकडे घरी बसूनही शिकता येतात.

दुसरा छायाचित्रकार म्हणून कॅमेरा हाती आला की मुख्य छायाचित्रकाराच्या शेजारी उभे राहून तेच दृश्य टिपू नये. तो वधूकडे पाहत असेल तर आपण तिच्या आईकडे पाहावे. काम संपल्यावर दोघांची एकाच मिनिटातील छायाचित्रे शेजारी ठेवून पाहण्याची परवानगी मागावी. मला स्वतःला या एका सवयीने जितके शिकवले तितके कोणत्याही कार्यशाळेने शिकवले नाही. ही छायाचित्रे आपल्या कामाचा नमुना म्हणून दाखवता येतील का, हेही आधीच विचारून घ्यावे. न विचारता ती समाजमाध्यमांवर टाकली तर पुढचे बोलावणे येत नाही.

दुसरी पायरी: साहित्य

नवखा माणूस महागड्या लेन्सवर पैसे घालवतो आणि दुसऱ्या कॅमेऱ्याचा विषय ‘पुढे बघू’ म्हणून सोडून देतो. माझ्या मते क्रम नेमका उलटा असावा. शटर, म्हणजे ठरावीक वेळ उघडून प्रकाश आत सोडणारा पडदा, बिघडते, कॅमेरा हातातून निसटतो, कुणाच्या तरी पेल्यातील पाणी त्यावर सांडते. अशा वेळी दुसरी बॉडी (लेन्सखेरीजचा कॅमेरा) गळ्यात तयार नसेल तर काम तिथेच संपते. दोन्ही बॉडी एकाच कंपनीच्या असाव्यात, म्हणजे लेन्स अदलाबदल करता येतात आणि रंगही जुळतात. त्यांत दोन मेमरी कार्डे बसावीत आणि प्रत्येक छायाचित्र दोन्ही कार्डांवर एकाच वेळी लिहिले जाईल अशी सोय असावी. कार्ड सहसा दगा देत नाही, पण ज्या दिवशी देते त्या दिवशी दुसरे सबब ऐकून घेतले जात नाही. पैसे कमी असतील तर दुसरी बॉडी त्या दिवसापुरती भाड्याने आणावी, मात्र ती आदल्या दिवशी ताब्यात घेऊन तिची बटणे अंगवळणी पाडावीत.

लेन्सच्या बाबतीत दोन वाटा आहेत. (मिमीचा आकडा मोठा तितका लेन्सचा पल्ला लांब; एफचा आकडा लहान तितके लेन्सचे छिद्र मोठे आणि प्रकाश जास्त.) २४-७० मिमी आणि ७०-२०० मिमी या एफ/२.८ च्या दोन झूम लेन्स जवळपास सर्व प्रसंग सांभाळतात, पण त्या जड आणि महाग असतात. त्याऐवजी ३५ मिमी आणि ८५ मिमी अशा एफ/१.८ च्या दोन लेन्स घेतल्या तर खर्च बराच कमी होतो आणि एफ/२.८ च्या तुलनेत सुमारे २.४ पट प्रकाश मिळतो. फक्त पायांनी पुढेमागे होण्याची तयारी ठेवावी लागते. सुरुवात करणाऱ्याला मी दुसरी वाट सुचवेन. सोबत दोन फ्लॅश, प्रत्येकासाठी बॅटऱ्यांचे राखीव संच आणि भरपूर कार्डे असावीत. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची एक रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) साधारण २५ ते ३० एमबीची धरली, तर तीन हजार छायाचित्रांना ७५ ते ९० जीबी जागा लागते. जेपेगमध्ये, म्हणजे दाबून लहान केलेल्या नेहमीच्या फाइलमध्ये, प्रत्येक रंगाच्या २५६ छटा साठतात, तर १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. उजेडाचा अंदाज चुकलेले छायाचित्र सावरता येण्याचे कारण याच फरकात आहे, म्हणून लग्नात रॉ टाळू नये.

आणखी एक बारीक काम नेहमी राहून जाते. दोन्ही कॅमेऱ्यांतील घड्याळे त्या दिवशी सकाळी सेकंदापर्यंत जुळवावीत आणि दोन्हींनी एकाच घड्याळाचे छायाचित्र काढून ठेवावे. माझ्या एका सुरुवातीच्या कामात दोन कॅमेऱ्यांच्या वेळांत तासाहून अधिक फरक होता, आणि अल्बमच्या पहिल्या मसुद्यात विधी होण्याआधीच पाहुणे अभिनंदन करताना दिसत होते.

तिसरी पायरी: बोलणी आणि करार

काम ओळखीच्यांचे असो वा परक्यांचे, करार लेखीच असावा. किंबहुना ओळखीच्यांच्या बाबतीत तो अधिक गरजेचा असतो, कारण तिथे नाराजी बोलून न दाखवता मनात साठते. तारीख, स्थळे, कामाचे तास, किती छायाचित्रकार येणार, संपादित छायाचित्रे साधारण किती व किती दिवसांत मिळणार, अल्बमची पाने किती आणि त्यात किती वेळा बदल करून मिळणार, आगाऊ रक्कम किती, समारंभ पुढे ढकलला किंवा रद्द झाला तर त्या रकमेचे काय, आणि आपणच आजारी पडलो तर बदली कोण येणार, हे सर्व त्यात यावे. छायाचित्रांचा स्वामित्वहक्क कोणाकडे राहतो याचे कायदे देशागणिक वेगळे असल्याने तो मुद्दा शब्दांत स्पष्ट करावा, आणि छायाचित्रे आपल्या जाहिरातीसाठी वापरण्याची परवानगी स्वतंत्रपणे मागावी. काही जोडप्यांना आपला चेहरा कुठेही झळकलेला नको असतो, आणि तो त्यांचा अधिकार आहे.

मोबदला ठरवताना फक्त समारंभाचे तास मोजणे ही सर्रास होणारी चूक आहे. दहा तासांच्या समारंभामागे भेटीगाठी, निवड, संपादन आणि अल्बम मिळून त्याच्या तिप्पट-चौपट तास सहज जातात. त्यांत साहित्याची झीज, प्रवास आणि साहाय्यकाचे मानधन धरून मगच आकडा सांगावा.

चौथी पायरी: आधी पाहून ठेवणे

लग्नापूर्वी एकदा स्थळ पाहून यावे, आणि तेही ज्या वेळी समारंभ होणार आहे त्याच वेळी. सकाळी प्रसन्न वाटणारी खोली संध्याकाळी पूर्ण काळोखी असू शकते. खिडक्या कोणत्या दिशेला आहेत, छत किती उंच व कोणत्या रंगाचे आहे, पाऊस आल्यास समूहचित्रे कुठे काढायची, बॅटऱ्या चार्ज करायला जागा कुठे आहे, हे लिहून घ्यावे. विधी चालवणाऱ्या व्यक्तीची भेट झाली तर उत्तमच: छायाचित्रकाराने कुठपर्यंत यावे आणि फ्लॅश चालेल का, हे त्यांनाच विचारावे. प्रत्येक धर्माच्या, समाजाच्या आणि घराण्याच्या रीती वेगळ्या असतात, त्यामुळे ‘मी पुष्कळ लग्ने पाहिली आहेत’ या भरवशावर न राहता कोणत्या क्रमाने काय होणार आहे हे कुटुंबातील जाणत्या माणसाकडून समजून घ्यावे.

त्यावरून वेळापत्रक तयार करावे आणि त्यात ठिकठिकाणी पंधरा-वीस मिनिटे मोकळी सोडावीत. लग्नाला उशीर होतोच, आणि होणाऱ्या उशिराची भरपाई जवळजवळ नेहमी छायाचित्रांच्या वेळेतून केली जाते.

पाचवी पायरी: प्रकाश

या पायरीवर सर्वाधिक वेळ द्यावा, कारण लग्नातील प्रकाश आपल्या सोयीचा क्वचितच असतो. शटरचा वेग आधी ठरवावा: स्थिर बसलेल्या माणसासाठी १/१२५ सेकंद, चालणाऱ्यासाठी १/२५० आणि नाचणाऱ्यांसाठी १/५००, असा ढोबळ हिशोब ठेवता येतो. उजेड अपुरा पडला तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला दाद देण्याची क्षमता, ३२०० किंवा ६४०० पर्यंत वाढवायला कचरू नये. दाणेदार छायाचित्र संपादनात सुधारते आणि छपाईत तर ते दाणे फारसे दिसतही नाहीत. हललेले छायाचित्र मात्र कायमचे हललेले राहते.

फ्लॅश सरळ चेहऱ्यावर मारल्यास पुढचा माणूस पांढराफटक आणि मागचे सगळे काळेकुट्ट दिसते. छोट्या प्रकाशस्रोतापासून अंतर दुप्पट झाले की त्याचा प्रकाश एक चतुर्थांश उरतो, हे त्याचे कारण. तोच फ्लॅश छताकडे किंवा बाजूच्या भिंतीकडे वळवला की ते मोठे पृष्ठच प्रकाशस्रोत बनते, सावल्या मऊ होतात आणि पुढच्या-मागच्या माणसांतील फरक कमी होतो. मात्र छत पांढरे असावे लागते. एकदा फिकट हिरव्या छतावरून मी निर्धास्तपणे फ्लॅश परतवत राहिलो, आणि घरी आल्यावर दोनशे पाहुण्यांच्या चेहऱ्यावरचा हिरवा रंग काढण्यात दोन रात्री गेल्या.

दिव्यांच्या रंगाचीही सरमिसळ असते. प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये सांगतात; आकडा मोठा तितका तो निळसर. दिवसाचा प्रकाश साधारण ५५०० केल्विनचा, तर पिवळ्या बल्बचा ३००० केल्विनच्या आसपास असतो. दोन्ही एकाच चेहऱ्यावर पडले की एक गाल निळसर आणि दुसरा नारिंगी दिसतो, आणि संपादनातील एकाच दुरुस्तीने दोन्ही एकदम बरोबर होत नाहीत. उपाय साधा आहे: शक्य असेल तिथे एक प्रकाश निवडून दुसरा बंद करावा. पिवळ्या दिव्यांच्या सभागृहात फ्लॅशवर नारिंगी जिलेटिन कागद लावला की त्याचा रंग भोवतालाशी जुळतो.

एलईडी दिव्यांपासून विशेष सावध राहावे. ५० हर्ट्झ विजेवरचे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा आणि ६० हर्ट्झवरचे १२० वेळा उजळून मंदावतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण वेगवान शटरमध्ये, विशेषतः बिनआवाजी इलेक्ट्रॉनिक शटर वापरल्यास, छायाचित्रावर आडवे पट्टे उमटतात. अशा ठिकाणी यांत्रिक शटर वापरावे आणि वेग अनुक्रमे १/१०० किंवा १/१२५ च्या आसपास ठेवावा; पट्टे गेले का, हे सुरुवातीलाच पडद्यावर मोठे करून तपासावे.

सहावी पायरी: वधूची छायाचित्रे

वधूच्या तयारीच्या खोलीत शृंगार संपण्याच्या निदान तासभर आधी पोहोचावे. पहिल्या दहा मिनिटांत कॅमेरा बाहेर काढू नये. ओळख करून घ्यावी, खिडकीजवळची एक जागा निवडावी, तिथल्या पिशव्या आणि डबे हलवावेत, वरचे दिवे बंद करण्याची परवानगी मागावी. दागिने, वस्त्रे आणि पादत्राणे अंगावर चढण्यापूर्वीच टिपून घ्यावीत, कारण नंतर ती सुटी मिळत नाहीत. वस्त्र बदलण्याच्या वेळी छायाचित्रकाराने, मग तो पुरुष असो वा स्त्री, न सांगता खोलीबाहेर जावे. एवढ्या एका वागण्याने मिळणारा विश्वास पुढच्या सगळ्या छायाचित्रांत दिसतो.

चेहऱ्यावर खिडकीचा प्रकाश साधारण ४५ अंशांतून येईल असे तिला बसवावे. मध्यम अंतराची लेन्स घेऊन दोन मीटर दूर उभे राहावे. रुंद लेन्स घेऊन फार जवळ गेल्यास नाक मोठे आणि कान लहान दिसू लागतात, आणि ही विकृती लेन्सपेक्षाही अंतरामुळे येते. फुल फ्रेम (३६ बाय २४ मिमी संवेदकाच्या) कॅमेऱ्यावर ८५ मिमी लेन्स एफ/१.४ ला उघडली तर दोन मीटरवर स्पष्टतेची खोली जेमतेम चार-पाच सेंटिमीटर उरते, म्हणजे डोळा स्पष्ट आणि कानातला दागिना धूसर. एफ/२.८ वर ती जवळपास दुप्पट होते. दोन चेहरे एकत्र असतील तर एफ/४ च्या खाली जाऊ नये. फोकस नेहमी कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्यावर असावा.

वस्त्राचा रंग कॅमेऱ्याच्या प्रकाशमापकाला फसवतो. मापक प्रत्येक दृश्य मध्यम करडे मानून चालतो, म्हणून पांढरे वस्त्र मळकट आणि काळे वस्त्र राखाडी येते. पांढऱ्यासाठी उजेड एक टप्प्यापर्यंत, म्हणजे दुपटीपर्यंत, वाढवावा, गडद वस्त्रासाठी थोडा उतरवावा. जरीकाम, मणी आणि खडे यांची चमक एकदा पूर्ण पांढरी झाली की तिच्यातील बारकावे परत मिळत नाहीत, त्यामुळे हिस्टोग्रामवर, म्हणजे छायाचित्रातील गडद-उजळ भागांचे प्रमाण दाखवणाऱ्या आलेखावर, नजर ठेवावी.

प्रसाधनाची एक अडचण नवख्यांना ठाऊक नसते. उन्हापासून संरक्षण देणाऱ्या काही क्रीममध्ये टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइड असते, आणि काही बारीक पावडरींत सिलिका. आरशात चेहरा उत्तम दिसत असतानाही फ्लॅशच्या प्रकाशात तो पांढुरका येतो. शृंगार पूर्ण होण्याआधी फ्लॅश मारून एक चाचणी छायाचित्र काढावे आणि ते प्रसाधन करणाऱ्या व्यक्तीला दाखवावे. त्या वेळी सुधारायला पाच मिनिटे पुरतात, नंतर संपादनात दिवस जातो.

वधू ही व्यावसायिक मॉडेल नसते. ‘हसा’ म्हटले की ओठ ताणले जातात. त्याऐवजी काहीतरी करायला सांगावे, जसे की पदर किंवा बाही सारखी करणे, खिडकीतून खाली कोण आले ते पाहणे, बहिणीच्या कानात काहीतरी सांगणे. हातांना काम मिळाले की चेहरा सैल होतो. तिला नको असलेली बाजू किंवा अदा तिने सांगितली तर वाद घालू नये.

सातवी पायरी: विधी

विधी चालू असताना छायाचित्रकार जितका कमी हलेल तितके चांगले. आधी ठरवलेल्या दोन-तीन जागांवरूनच काम करावे, एका कॅमेऱ्यावर रुंद आणि दुसऱ्यावर लांब पल्ल्याची लेन्स ठेवावी, म्हणजे ऐन वेळी लेन्स बदलावी लागत नाही. पाहुण्यांच्या आणि वधूवरांच्या मध्ये फार वेळ उभे राहू नये. क्षण चुकला तर तो पुन्हा करायला सांगू नये. तसे केल्याने विधीचा मान जातो आणि मिळणारे छायाचित्रही कृत्रिम दिसते. मुख्य कृती टिपताच लेन्स लगेच आईवडील, आजीआजोबा आणि मित्रमंडळींकडे वळवावी.

आठवी पायरी: समूहचित्रे

समूहचित्रांचा कंटाळा बहुतेक छायाचित्रकारांना असतो, पण वर्षांनंतर सर्वांत जास्त पाहिली जातात ती हीच. कोणाकोणाचे एकत्र छायाचित्र हवे याची यादी आधीच मागवावी आणि माणसे बोलावून आणायला दोन्ही घरांतील प्रत्येकी एक ओळखीचा, मोठ्या आवाजाचा माणूस नेमावा. सर्वांत मोठा समूह आधी घ्यावा, वृद्धांना आणि लहान मुलांना लवकर मोकळे करावे. दोन-तीन रांगा असतील तर एफ/५.६ ते एफ/८ आणि फोकस पहिल्या रांगेवर किंवा तिच्या किंचित मागे.

किती छायाचित्रे काढावीत याचे चक्क गणित उपलब्ध आहे. ऑस्ट्रेलियातील निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी कोणाचेही डोळे मिटलेले नसतील असे निदान एक छायाचित्र मिळण्यासाठी किती काढावी लागतील हे मांडले, आणि त्यासाठी त्यांना २००६ चे इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचे गमतीदार पारितोषिक, मिळाले. वीसपेक्षा कमी माणसे असतील तर चांगल्या प्रकाशात माणसांच्या संख्येला तीनने, आणि कमी प्रकाशात दोनने भागावे. म्हणजे बारा जणांची सभागृहातील किमान सहा छायाचित्रे. कमी प्रकाशात शटर जास्त वेळ उघडे राहते आणि तेवढ्यात कोणीतरी पापणी लववते.

नववी पायरी: घरी आल्यानंतर

कितीही थकवा आला तरी त्याच रात्री सर्व कार्डे उतरवून घ्यावीत. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतील एक घराबाहेर, हा संगणक क्षेत्रातला जुना नियम इथेही पाळावा. चुकून कार्ड पुसले गेले तर त्यावर पुढे एकही छायाचित्र काढू नये. नवे काही लिहिले जात नाही तोवर जुन्या फाइली बऱ्याचदा परत मिळवता येतात.

निवड करताना निर्दय व्हावे. एकाच क्षणाची आठ छायाचित्रे दिली तर पाहणाऱ्याला एकही आठवत नाही. संपादनात आधी सर्वांचा उजेड आणि रंग एकसारखा करावा, मग निवडक छायाचित्रांवर बारीक काम करावे. त्या दिवशी उठलेली पुटकुळी काढायला हरकत नाही, पण तीळ, जुना व्रण आणि त्वचेचा मूळ वर्ण यांना न विचारता हात लावू नये. त्वचा उजळ करून देण्याची सवय या व्यवसायाला लागली आहे आणि ती वाईट आहे. अल्बमसाठी ३०० पिक्सेल प्रति इंच हे माप धरले, तर १२ बाय १८ इंचांच्या पूर्ण पानाला ३६०० बाय ५४०० पिक्सेल, म्हणजे सुमारे २० मेगापिक्सेल लागतात. म्हणून छपाईसाठी निवडलेले छायाचित्र कापताना हात आखडता ठेवावा. दोन-चार दिवसांत पंधरा-वीस छायाचित्रे आगाऊ पाठवली तर कुटुंबाची उत्सुकता भागते आणि उरलेले काम घाई न होता करता येते.

छायाचित्रे सुपूर्द केल्यावर ती त्यांच्याकडे उघडतात का, याची खात्री करून घ्यावी आणि मिळाल्याचा लेखी निरोप मागावा. तो आल्याशिवाय समारंभाची कार्डे पुसून पुढच्या कामाला नेऊ नयेत.